नावाआधी काय लावू?

माईकवरून नाव पुकारलं की बाई आधी चष्मा काढायच्या, पदराने सावकाश पुसायच्या आणि मगच उठायच्या. तेवढ्या वेळात समोरच्या मंडपातलं हसू ओसरायचं. ते हसू मी पिकवलेलं असायचं.

घनसावंगीजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. आवाज बरा म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्या गळ्यात. शब्दांची मला भारी घमेंड. पण बाईंच्या नावाआधी कोणता शब्द लावावा, हे काही जमलं नाही. (इथे ‘बाई’ म्हणतोय, तेही पोरांचं ऐकून.) त्यांनी लग्न केलं नव्हतं. तुम्हीच सांगा, काय म्हणणार? पन्नाशी ओलांडलेल्या बाईंना मी भर कार्यक्रमात ‘कुमारी’ म्हणालो आणि दहावीच्या पोरांनी एकमेकांच्या पाठीत तोंडं लपवली.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. अगदी अदबीने ‘श्रीमती’ म्हणालो. आमच्याकडे श्रीमती म्हणजे नवरा गेलेली, हे मराठीच्या मास्तराला आठवलं नाही. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारी बाईंचा हात धरून हळहळली, “मालक कवा गेले, माय?”

“आलेच न्हाईत, तर जातील कुठून?” बाई म्हणाल्या आणि तिच्यासाठी चहा मागवला.

मी ओशाळून विचारलं, “मंग मी म्हणू तरी काय?”

“काहीबी म्हणा सर, पण जल्दी म्हणा. पोरं ताटकळून बसतेत.”

एकदा नववीतल्या एका मुलीची शाळा बापाने बंद केली. बाई मला स्कूटीवर मागे बसवून त्याच्या दारात गेल्या. तो तावातावाने बाहेर आला. “हे बघा बाई,” म्हणाला आणि अडखळला. “ताई... म्हंजे मॅडम...”

मला त्या माणसाविषयी एकदम आपुलकी वाटली.

“तुम्ही निवांत ठरवा,” बाई म्हणाल्या. “तवर मी पोरीला घेऊन जाते.”

मुलगी दप्तर घेऊन दाराआड उभीच होती. ती स्कूटीवर बसली, गाडी गेलीसुद्धा. बाप माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग त्याने मला पाणी दिलं आणि मी उसाच्या कडेकडेने पायी शाळेत आलो. दुसऱ्या दिवशी तोच मुलीला फाटकापर्यंत सोडून गेला. बाईंना काय म्हणायचं, ते त्याचंही ठरलं नव्हतं. त्याने नुसता नमस्कार केला.

निवृत्तीनंतर बाई पिंपळगाव रेणुकाईला भावाकडे राहायला गेल्या. यंदा पोळ्याच्या सुमारास तिथेच वारल्या.

शाळेत शोकसभा झाली. माईक अर्थातच माझ्याकडे. ‘कैलासवासी’ हा शब्द सगळ्यांना चालतो. लग्न झालंय का, असं कुणाला विचारावं लागत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बिनचूक शब्द होता. तो तोंडातून निघेना. सगळे वाट बघत होते. शेवटी मी माईक टेबलावर ठेवला आणि खाली जाऊन पोरांच्या रांगेत बसलो.