माझ्या मापाचा बोर्ड

खडकवासल्याला जुना विंडसर्फिंग बोर्ड पाण्यात लोटताना तापलेल्या रेझिनचा वास आला आणि मी मनानं खडकीच्या कारखान्याच्या क्वार्टरच्या अंगणात पोचले. दादानं तो बोर्ड तिथंच रेझिन ओतून माझ्यासाठी हातानं घडवला होता; माझ्या पावलांमधलं अंतर मोजून पायांचे पट्टे बसवले होते. कारखान्यातल्या कामगार युनियनची पत्रकंही आम्ही मिळूनच वाटायचो. आयटी कंपनीत लागल्यावर एका रविवारी तो तेच पट्टे सोडवताना दिसला.

"आमचे कंपनीतले सर उंच आहेत अगं, त्यांना द्यायचा तर पट्टे लांब-लांब लागतील."

"त्यांनी मागितला बोर्ड?"

"मागायची वाट कशाला बघायची?"

तेव्हा मी बोर्डासाठी रडले. पुढे सरांनी तो अडगळ म्हणून परत पाठवला. आज त्याच्या शिडात वारा भरलाय, आणि मला मात्र कुणी न सांगता वाकलेली दादाची मान दिसते आहे.