शरणप्पाची चांदणी

वरातीत नवरदेव बसायचा घोडीवर, छाती मात्र फुगायची लगाम धरून चालणाऱ्या शरणप्पाची. विजापूर वेशीजवळची गल्ली यावर हसायची, आणि ती गल्ली उगाच हसत नाही.

यंदा मात्र तो वराती नाकारत होता. त्याच्या घोडीचा, चांदणीचा, पुढचा पाय सुजला होता. डॉक्टरनं बजावलं होतं, महिनाभर पाठीवर माणूस नको; पाय गेला की घोडी गेली, सुई देऊन कायमची निजवावी लागते.

तेवढ्यात गल्लीतला नंदीश वरातीसाठी घोडी मागायला आला. पुण्यात फ्रेंच कंपनीत नोकरी, रविवारी लग्न.

"मामा, तिकडं सरदाराला शेव्हालिए म्हणतात. मूळ अर्थ नुसता घोडेस्वार. पण घोडं बाळगणं परवडायचं कुणाला? म्हणून तो शब्दच मानाचा झाला. म्हणजे तुमी की."

शरणप्पाच्या मिशा हलल्या. "म्हंजे आपला शिलेदार. सोताचं घोडं घिऊन येनारा."

"त्याच्याबी वर."

भाकरी थापणारी बसव्वा, त्याची बायको, हसली नाही. "आन् घोड्याला काय म्हंत्यात?"

नंदीशनं फोनमध्ये पाहिलं. "शेव्हाल. शब्द लॅटिनमधनं आलाय. तिथं ते... ओझ्याचं तट्टू होतं."

"बघा. मानूस सरदार झाला. तट्टू तितंच ऱ्हायलं."

शरणप्पाला पहिला अर्थ पुरला होता. तो हो म्हणून बसला.

रविवारी चांदणीनं पाण्याला तोंड लावलं नाही. त्यानं सुजेवर पट्टी बांधली, वरून जरीचं कापड गुंडाळलं. बसव्वा दारात आली, जरीकडं बघून आत गेली.

डीजे दणाणू लागला. चांदणी बिथरली नाही. बिथरली असती तर बरं, असं त्याला वाटलं. ती मान खाली घालून, पाय जपत चालत होती.

"चौकापतुर चल फकस्त," तो पुटपुटला.

"शेव्हालिए मामा, नाचवा की जरा," नंदीश वरून म्हणाला. दोस्त हसले. सगळे बघत होते. शरणप्पानं लगामाला झटका दिला.

हाड मोडल्याचा आवाज डीजेत कुणाला आला नाही. त्याच्या मुठीला तेवढा कळला. चांदणी आधी गुडघ्यावर आली, मग कुशीवर गेली. दोस्तांनी नंदीशला झेललं, मोटारीत बसवलं. वरात वळसा घालून पुढं गेली.

बसव्वा आली तेव्हा तो चांदणीची मान चोळत होता.

"उठंल ती," तो म्हणाला. "जरा दमलीया."

"डॉक्टरला फोन केलाय मी."

"पट्टी बांधंल का त्यो?"

बसव्वा त्याच्याशेजारी रस्त्यात बसली. "न्हाय," ती म्हणाली. "तिचं डोळं झाका तुमी."