राजाच्या पोटातली पैलवान

बेकरीत तिला सगळे पैलवान म्हणत. मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून ती जिना अशी चढायची, की बघणाऱ्याला वाटावं, पोत्यात कापूसच भरलाय. पण या रुंद खांद्यांची तिला कोण लाज! बघायला आलेला एक मुलगा म्हणाला होता, "हिला घरात न्यायची तर दार मोठं करावं लागेल." सगळी खोली हसली. तिने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. पोक काढून चालायची सवय मात्र जडली ती जडलीच.

चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कार्निव्हल असे. पुढे जिभेला नि पायांना आवर घालायचाच आहे, तर आज मनसोक्त नाचून घ्या, असा सगळा मामला. मिरवणुकीच्या पुढे वेताच्या सांगाड्यावर कागद चिकटवलेला, वरच्या मजल्याच्या खिडक्यांत डोकावणारा राजा. त्याच्या पोटात शिरून त्याला खांद्यांवर पेलायचा मान तिच्या दादाचा.

त्या वर्षी ऐन निघायच्या वेळी दादाने राजा उचलला आणि कंबर धरून मटकन खाली बसला. दोघा तरण्याबांड पोरांनी जोर लावून पाहिला, तर राजा झोकांड्या खात भिंतीवर आदळता आदळता वाचला. मिरवणुकीचा कारभार बघणाऱ्या न्हाव्याने कपाळाला हात लावला.

"आमच्या वन्सं उचलतील की," वहिनी म्हणाली.

"बाईमाणूस? अहो, राजा आहे तो!"

"आत कोण आहे ते कुणाला दिसतंय? वन्सं, शिरा आत. बघते कोण अडवतं ते!"

"पट्टा घट्ट आवळ," दादा कण्हत म्हणाला, "आणि वळताना घाई करू नकोस. त्याचं डोकं मागाहून येतं."

आत खळीचा वास होता नि बाहेर बघायला एवढंसं भोक. पोक काढून राजा काही केल्या उभा राहीना. मग तिने पाठ ताठ केली, आणि दांडे खांद्यांवर असे बसले, जणू माप घेऊनच केले होते.

ढोल वाजू लागले. आधी ती नुसती चालली. मग राजा डुलला, खिडकीतल्या एका म्हातारीपुढे अदबीने वाकला, आणि चौकात पोचल्यावर हात भिरभिरवत गरगर फिरला. लोक वेडेच झाले.

"आज दादा भलताच रंगात आलाय!"

"दादा? तो तर तिकडे कंबर शेकतोय!"

शेवटी न्हाव्याने राजाचा झगा वर केला. आतून ती बाहेर आली, घामाने निथळत, केसांना कागदाचे कपटे चिकटलेले. मग ढोलवाल्याने असा दणका दिला, की चौक दुमदुमला. दादा दुखणं विसरून उभा राहिला आणि ओरडला, "माझी बहीण आहे ती!"

"पुढच्या वर्षी..." न्हावी चाचरत म्हणाला.

"मीच," ती म्हणाली.

आणि हसत, भर रस्त्याच्या मधोमध, वहिनीच्या गळ्यात हात टाकून ती घराकडे निघाली. लोक बाजूला होऊन वाट देत होते.