दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

गणिताच्या सरांनी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या आम्हा प्रत्येकाला एकेक मोठी संख्या दिली होती. ती मूळ की संयुक्त, तिचे विभाजक कोणते, हे हाताने काढायचं, मोबाईल वापरायचा नाही. ज्याचं काम सगळ्यांत चांगलं, त्याचं नाव ते उन्हाळी शिबिराला पाठवणार होते. पप्पा म्हणाले होते, "पोरी, सरांनी पाठवलं तर पुढं शिक. नाय तर जूनपासून सातपूरला आमच्या कंपनीत पॅकिंगला लाग."

माझी संख्या होती १०२२११७. वर्गमुळापर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही, तर ती मूळ. वर्गमूळ हजाराच्या आसपास, असं मी वहीत लिहिलं. पुस्तकाच्या शेवटी हजारपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता होता. एकशे अडुसष्ट.

पप्पा कंपनीत तयार पार्ट गेजमध्ये घालून बघतात. बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. माझी वही बघून ते म्हणाले, "हे तर आमचंच काम हाय. दे चाळीस इकडं." दहावीनंतर त्यांनी एवढे मोठे भागाकार केले नसावेत. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी ते केले.

"दोघं एका आकड्याच्या मागं लागलेत," आई म्हणाली. "त्यालाच वाढू का आता?"

शेवटचा, ९९७चा भागाकार पप्पांचा होता. "बाकी एकशे ब्याण्णव. पास!" मी त्यांचे सगळे भागाकार तपासले. एकही चुकला नव्हता.

वर्गात मी संख्या फळ्यावर लिहिली आणि मूळ आहे असं सांगितलं. सरांनी जेमतेम एकदा पाहिलं.

"एक हजार अकराचा वर्ग किती?"

मी कोपऱ्यात गुणाकार मांडला. १०२२१२१.

"तुझी संख्या त्याहून चारने लहान. चार म्हणजे दोनचा वर्ग. मग?"

वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र. शाळेतलं. १००९ गुणिले १०१३. ९९७ नंतरची पहिलीच मूळ संख्या १००९, आणि माझा तक्ता तिच्या आधी संपला होता.

"मेहनत दिसते," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचा रोल नंबर पुकारला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. एक भागाकार राहिला, याचं मला तितकं दुःख नाही. त्यांना जे एका नजरेत दिसलं, ते मला वर्षभर बघूनही दिसलं नसतं, असं वाटतं. हे कसं शिकतात, कुणाला विचारायचं, तेही मला माहीत नाही.

शिबिरासाठी वर्गातल्या एका मुलाचं नाव गेलं.

पप्पा ड्यूटीवरून आल्यावर मी सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यातला कुठला चुकला?"

"एकही नाही, पप्पा. अजून एक करायला पाहिजे होता."

त्यांनी उभ्या उभ्याच माझी वही घेतली आणि १००९ने भागलं. बाकी शून्य.

"सरांना सांगितलंस ना, एकच राहिला म्हणून?"

"हो," मी म्हणाले. सांगितलं नव्हतं.

ते हातपाय धुऊन आले, टॉवेल खांद्यावर टाकला. "कंपनीत दोन फोटो लागतील," ते म्हणाले. "आणि आधारची झेरॉक्स."