सोनबाजींचे मालक

आमच्या सशाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मिरचीमुळे आहे असं मी आठ दिवस समजत होतो.

माझ्या समजुतीला आधार होता. भिवापूरची मिरची घरी आली होती, अंगणात कुटणं चाललं होतं आणि बायको, शेजारीण, मुलगी मंदा, दूधवाला, झाडून सगळे डोळे पुसत होते. त्यांत कापशाही पुसत होता. कापशा म्हणजे मंदाचा पांढरा ससा. पुढचे दोन्ही पंजे तो तोंडावरून असे फिरवायचा, की मी कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवत असे. तिखट डब्यात गेलं, माणसांचे डोळे कोरडे झाले. कापशाचे झाले नाहीत. लहान जिवाला उतार पडायला वेळ लागतो, असं शास्त्रीय स्पष्टीकरण मी दिलं. मी शाळेत शास्त्र शिकवत असे, हे इथेच सांगून टाकतो. नंतर सांगायला जास्त लाज वाटेल.

शेवटी मंदाने मला न विचारता सोनबाजींना बोलावून आणलं.

सोनबाजी सक्करदऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहत. मूळचे कुहीकडचे. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. अंगात खाकी सदरा, सदऱ्याला फिनेलचा वास, आणि एक विलक्षण सवय: माणसांना ते सरसकट अरे-तुरे करत आणि जनावरांना 'मालक' म्हणत. "मालक, जरा पाय उचला जी," असं बैलाला सांगत आणि त्याच दमात बैल घेऊन आलेल्याला, "तू दूर हो गा, मधीमधी नोको करू." मला तेवढं 'गुरुजी' आणि 'तुम्ही' मिळायचं, तेही शाळेच्या भिडेने.

"काहून रडून राहिले मालक? कवापासून?"

"आज सकाळपासून," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. तपासणीला आलेल्या साहेबापुढे शिक्षकाच्या तोंडून जसं निघतं, तसं निघून गेलं.

सोनबाजींनी डोळ्यांकडे पाहिलंच नाही. कापशाला मांडीवर घेऊन त्याचा पुढचा पंजा उलटा केला. आतल्या बाजूचे केस ओले होऊन, वाळून, पुन्हा ओले होऊन सुतळीसारखे चिकटले होते.

"सशापाशी रुमाल नसते, गुरुजी. तो हातानं डोळे पुसते. हे एका सकाळचं पुसणं नाही. तुमच्यापेक्षा मालकाचा हात खरं बोलते."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी विषय बदलला. "मग काही औषध द्या ना."

"मी डाक्टर नाही. उद्या दवाखान्यात आणा. अन् ध्यानात ठेव वं मंदे," मी ठेवणार नाही हे त्यांना कळलं असावं, "डोळ्यातून पाणी आलं, तर दुसऱ्या दिवशी जाचं. चिपडं आली, डोळा मिटला, तर त्याच दिवशी. अन् सशानं खाणं सोडलं, तर चप्पल शोधत बसाचं नाही."

मी गेलो नाही. त्या दवाखान्याच्या आवारात बैल, म्हशी, गोऱ्हे उभे असत आणि त्यांचे कासरे धरून माझ्या विद्यार्थ्यांचे बाप. तिथे मी भाजीच्या पिशवीत ससा घेऊन रांगेत उभा राहणार? शाळेला ते वर्षभर पुरलं असतं. म्हणून मी घरीच उपचार सुरू केले. आधी गुलाबपाणी घातलं. मग मध लावला. मधाने डोळ्याला काय झालं ते कळलं नाही, पण मुंग्या आल्या. मंदा दुपारभर एकेक मुंगी वेचत बसली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी एक डोळा पांढऱ्या पुवाने चिकटून गेला होता आणि कापशासमोरची बशी जशीच्या तशी होती. मंदाने ती त्याच्या तोंडाजवळ सरकवली. त्याने तोंड फिरवलं.

"बाबा, हा मरतो का?" तिने विचारलं. मुंग्यांनंतरचं तिचं माझ्याशी हे पहिलं वाक्य.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची.

"काय गुरुजी, वाघ आणला का?" एक बैलवाला ओरडला. रांग हसली. "हा खातच नाही," मंदाने सोनबाजींना सांगितलं. सोनबाजी हसले नाहीत.

"हास गा, हास. तुह्या बैलाले उद्यापर्यंत उभं राहता येते. ससा दिवसभर उपाशी राहिला का त्याचं पोट बंद पडते. सरक." मग त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. "हे मात्र बरोबर केलं," ते म्हणाले आणि आम्हाला सगळ्यांच्या पुढे आत घेऊन गेले.

आत त्यांनी कापशाला टॉवेलात गुंडाळून धरलं. "मालक, आ करा जी." डोळा दुखतोय आणि तोंड कशाला, असं मी विचारणार होतो. सोनबाजींनी ते ओळखलं. "जनावर तोंडानं सांगत नाही, गुरुजी. तोंडात सांगते."

डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मागचे दात वाढले होते. त्यांची मुळं वर रेटली जाऊन, डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी बारीक नळी दाबली गेली होती. म्हणून पाणी बाहेर वाहत होतं आणि आता पू धरला होता.

"खायला काय देता?"

"दुधात भिजवलेला टोस्ट," मी अभिमानाने म्हणालो. "बिस्किटं. कधी शेव."

"ससा पाळला का जावई?" सोनबाजी म्हणाले.

"अहो, सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात," डॉक्टर म्हणाले. "गवत चावलं तरच झिजतात."

माझे कान तापले. कारण ते वाक्य माझं होतं. दरवर्षी मी ते वर्गाला उतरवून देत असे आणि परीक्षेत रिकाम्या जागेसाठी विचारत असे. एक गुण. पण मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा केला आणि म्हणालो, "असं होय!"

डॉक्टरांनी दातांची वाढलेली टोकं काढली, नळी धुतली, मलम दिलं आणि दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले. ते दोन दिवस सोनबाजी कामावर जाताना आणि येताना आमच्याकडे थांबत. पातळ पेज थेंबथेंब कापशाच्या तोंडात सोडत. "घ्या मालक. गोड मानून घ्या." तिसऱ्या सकाळी कापशाने त्यांच्या हातातली गवताची काडी ओढली आणि करकर चावली. सोनबाजी पायरीवरच बसले. "खाल्लं वं मंदे! मालकानं खाल्लं!" त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. सोनबाजींपाशीही रुमाल नव्हता.

कापशा पुढे बरीच वर्षं जगला. एका डोळ्यात कायमचा थोडा ओलावा राहिला. सोनबाजींच्या सायकलच्या कॅरियरवर त्याच्यासाठी गवताची पेंढी असायची. पुढे ते नोकरीतून मोकळे होऊन गावी गेले आणि तिथेच वारले. मंदा आज स्वतःच्या मुलांना काही झालं की आधी विचारते, "खाल्लं का?" ते तिने माझ्याकडून घेतलेलं नाही.

सोनबाजी गावी जाण्याआधी मी त्यांना एकदा माझ्या वर्गावर बोलावलं होतं. पोरं खूश. सोनबाजींनी सशाचा पंजा सांगितला, चपलेचा नियम सांगितला. माझं नाव मोठ्या मनाने गाळलं. मग रंगात येऊन विचारलं, "सांगा पोट्टेहो, सशाचे दात कवापर्यंत वाढते?"

"आयुष्यभर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"वा! कोणं शिकवलं रे?"

"आमच्या गुरुजींनी!"

मी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काही नव्हतं. सोनबाजी सावकाश माझ्याकडे वळले.

"काहून गुरुजी," ते म्हणाले, "हे शिकवलं त्या दिवशी तुम्ही गैरहजर होते का?"