पाटीवरचे तीन रोग

माझ्या तोंडावर पहिली पुटकुळी आली तेव्हा मी अकरावीत होते. आई म्हणाली, "वयाचं हाय, जाईल." शेवटची आली तेव्हा मी तिशीला टेकले होते, आणि तोवर आईनंही वयाचं नाव काढणं सोडलं होतं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे तोंडावर काही असलं की ते सगळ्या गावाच्या मालकीचं व्हायचं. आम्ही गडमुडशिंगी गावात राहायचो आणि मी शहरात, शाहूपुरीत, गुळाच्या एका अडत दुकानात हिशेब लिहायला जायची. बसमध्ये शेजारी टेकलेली अनोळखी बाई तिकीट काढायच्या आधी माझ्याकडे वळून मोठ्यानं विचारायची, "पोरी, त्वांडाला काय गं झालंय तुझ्या?" मग पुढच्या सीटवरची मान वळवायची, मागचे आजोबा काठीवर भार देऊन पुढे झुकायचे आणि शहर येईपर्यंत माझ्या गालांवर बैठक भरायची. जायफळ उगाळून लाव. मसुराचं पीठ लाव. तिखट सोड. दुकानातले हमाल म्हणायचे, "ताई, ढेपांपाशी बसून बसून तुमची उष्णता वाढलीया." मी गुळाचा खडासुद्धा तोंडात टाकत नव्हते. आणि सगळ्यांचं शेवटचं औषध एकच होतं. "लगीन झालं की जात्यात आपोआप." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. नवरा म्हणजे काय मलम आहे, रात्री लावला आणि सकाळी धुऊन टाकला?

त्या साध्या पुटकुळ्या नव्हत्या. हनुवटीच्या कडेला आणि गालांवर आतून गाठी यायच्या, कठीण आणि दुखऱ्या. उशीवर गाल टेकवला की ठणका लागायचा. हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. दिसतं किती एवढंच सगळ्यांनी बघितलं.

माझे वडील, म्हणजे आबा, वर्कशॉपात मेकॅनिक होते आणि तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. आमचं घर बौद्ध. आजोबांनी देव बाहेर काढले तेव्हापासून अंगारा, उतारा, नवस यातलं काही उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी एकदा माझ्यासाठी मोठ्या मायेनं अंगाऱ्याची पुडी आणली, तर आबांनी हात जोडून परत केली. म्हणाले, "वैनी, राख आमच्या चुलीत बी हाय." रविवारी विहारात वंदना झाली की ते पोरांना सांगायचे, "आजारी पडलं की डाक्टर. दुसरं काय न्हाय." मला याचा फार अभिमान वाटायचा. तरी माझ्या तोंडासाठी डॉक्टर कुणाला सुचला नाही, मलाही नाही. कारण हा आजार आहे असंच कुणाला वाटत नव्हतं.

मग मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. "लई पोरी नेत्यात," म्हणाला. चार दिवसांत गाल गुळगुळीत झाले, आईनं चहात जास्तीची साखर घातली. ट्यूब संपली आणि आठवड्याभरात गेलेलं सगळं नातेवाईक घेऊन परत आलं. मी दुसरी ट्यूब आणली. असं कितीतरी दिवस चाललं.

त्याच सुमारास स्थळांसाठी फोटो काढायचं ठरलं. शिवाजी पेठेतला स्टुडिओवाला निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून चेहरे साफ करून द्यायचा. लग्नाच्या पोरींचे सगळे फोटो तो असेच साफ करायचा, न विचारता. ते त्याच्या कामातच धरलेलं असायचं. माझा फोटो आला तो धुतलेल्या बशीसारखा. आईला इतका आवडला, की तिनं त्याची मोठी प्रत करून घेतली आणि पुढच्या खोलीत टांगली. छोटी प्रत एका स्थळाकडे गेली आणि पाहुणे बघायला आले.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलाच्या आत्यानं पर्समधून फोटो काढला, माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडेही बघितलं. मग आबांना म्हणाली, "पावणं, ही थोरली हाय व्हय? धाकटीला बोलवा की."

मी एकुलती एक आहे. ते आबांना सांगावं लागलं, आणि सांगताना त्यांची मान खाली गेली.

पाहुणे गेल्यावर आई रडली. मला रडू आलं नाही, संताप आला. त्या बाईचा नाही. तिनं समोर दिसलं ते विचारलं. मला संताप आला त्या भिंतीवरच्या गोऱ्यागोमट्या बयेचा, जिला माझ्याऐवजी सगळ्यांनी पसंत केलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, की आता जायफळ नाही, ट्यूब नाही, पेन्सिल नाही. या तोंडाचं जे काही आहे ते मी शिकलेल्या माणसाला दाखवणार आणि शेवटापर्यंत नेणार.

त्वचेचे डॉक्टर शाहूपुरीतच होते, माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दवाखाना वरच्या मजल्यावर, जिना रस्त्यावरूनच चढलेला, जिन्याशेजारी पानाची टपरी. आणि जिन्यावर पाटी: त्वचारोग, कुष्ठरोग व गुप्तरोग तज्ज्ञ. तेव्हा अशाच पाट्या असायच्या. पहिल्या दोन शब्दांचा रंग उडालेला होता, तिसरा तेवढा ठळक राहिला होता. बिनलग्नाच्या पोरीनं त्या पाटीखालून भर दुपारी जिना चढायचा, तोही टपरीवर माणसं उभी असताना, म्हणजे गावाला महिनाभराची शिदोरीच. मी पाटीखालून नुसतीच पुढे गेले आणि डबा न खाताच दुकानात परतले.

यावर मी एक शक्कल काढली. स्कूटीवरच्या पोरी तेव्हा नुकत्याच तोंडाला स्कार्फ गुंडाळायला लागल्या होत्या. माझ्याकडे स्कूटी नव्हती, पण स्कार्फ विकत मिळत होता. दुसऱ्या दिवशी नुसते डोळे उघडे ठेवून मी तो जिना चढले. स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होते.

डॉक्टर उतारवयाचे होते, बोलणं तुटक. म्हणाले, "आधी तो स्कार्फ काढा. मी चेहराच बघायला बसलोय." मग त्यांनी दिवा जवळ ओढून माझा चेहरा बघितला, बोटानं हनुवटीखालची गाठ दाबून विचारलं, "दुखतं?" इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं. पाळीचं विचारलं, घरात कुणाला होतं का ते विचारलं. ट्यूब दाखवली तशी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यात स्टिरॉइड आहे. वरून दाबतं आणि सोडलं की दुपटीनं उसळतं. आजपासून बंद. आता महिनाभर चेहरा फार बिघडेल. तेव्हा इथं यायचं, मेडिकलवाल्याकडे नाही."

मी विचारलं, "या वयात येतात का हो हे?"

"येतात. पुष्कळांना येतात. औषध आहे याला."

औषध आहे, एवढंच ते म्हणाले. त्यात लग्न नव्हतं. जिना उतरताना स्कार्फच्या फटीत माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळी घरी पोहोचले, तर बातमी माझ्या आधीच्या बसनं आलेली. आमच्या गावातला एक दूधवाला शहरात रतीब घालायचा. तो टपरीवर उभा होता, आणि त्यानं माझी डब्याची पिशवी ओळखली होती. आबा कट्ट्यावर बसले होते. आई दारात, तोंडाला पदर लावून.

"दुपारी कुठं गेलतीस?" आबांनी विचारलं.

"डाक्टरकडं."

"कसल्या?"

"कातडीच्या."

"पाटीवर आणि काय लिवलंय?"

"पाटीवर तीन रोग हायत, आबा. मला त्यातला एकच हाय."

"ते लोकांस्नी कसं कळायचं?"

"तुम्हीच सांगता की, आजारी पडलं की डाक्टर म्हणून."

"म्या ह्या डाक्टरचं म्हणलो न्हवतो," आबा म्हणाले. ते स्वतःलाच पटलं नसावं, कारण ते उठून आत निघाले. दारात थांबून म्हणाले, "आणि त्वांड कशाला बांधलंतीस? चोरी केलीस काय?"

हे माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. लोकांना कसं कळायचं, याचं उत्तर माझ्या तोंडावरच होतं, आणि तेवढंच मी झाकून नेलं होतं. उघड्या तोंडानं गेले असते तर टपरीवरचं शेंबडं पोरही म्हणालं असतं, की पुटकुळ्यांसाठी आली असेल. स्कार्फ मी सकाळी आईला दिला. तिनं तो गॅसची शेगडी पुसायला घेतला.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. ट्यूब बंद केली आणि चेहरा पेटला. लाल, सुजलेला, आरशात बघवेना. तसाच उघडा घेऊन मी पुढच्या खेपेला निघाले. दूधवाला टपरीवर होताच. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मामा, ओळखलं काय? मागं त्वांड बांधलं हुतं. ह्याच्यासाठी जातीया वर, बघून घ्या नीट." आणि गाल पुढे केला.

"न्हाय, म्हंजे, पोरी, म्या आपलं काळजीनंच..."

"काळजी हाय तर हेबी सांगा आबास्नी."

त्यानं सांगितलं. त्याही दिवशी बातमी माझ्या आधी पोहोचली. जेवताना आबांनी विचारलं, "डाक्टर काय म्हणतोय?"

बरेच महिने मलमं आणि साध्या गोळ्या झाल्या. फरक पडला, पण गाठी हटेनात. तेव्हा डॉक्टरांनी जोरदार गोळ्यांचा विषय काढला. रक्त तपासून द्यायच्या, ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील. "आणि एक नीट ऐका," ते म्हणाले. "या गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत. संपल्यावरही मी सांगेपर्यंत नाही. बाळाला मोठा धोका असतो. लग्न ठरत असेल तर आताच सांगा." मी म्हटलं, ठरत नाही. आणि गोळ्या सुरू केल्या.

नेमकं तेव्हाच ठरायला लागलं. चांगलं स्थळ होतं. मुलगा नोकरीला होता, शांत बोलायचा, फोटोविषयी त्यानं चकार शब्द काढला नाही. मला तो आवडला होता, हे सांगायला हवं. सगळं जुळत आलं आणि त्याची आई म्हणाली, "मे महिन्यातच उरकून टाकू." मेपर्यंत माझं औषध संपत नव्हतं. मी ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगितलं, डॉक्टरांची अटही. फुटलेल्या ओठांनी बोलताना रक्त येत होतं.

"गोळ्या सोड की मग," मुलाची आई म्हणाली. "लगीन झालं की आपोआप जात्यात."

मी मुलाकडे बघितलं. तो पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढत होता. हो म्हणणं किती सोपं होतं! आई डोळ्यांनी मला विनवत होती. मी म्हणाले, "सोडणार न्हाय."

मग आबांचा आवाज आला. "पावणं, इंजिन खोलल्यावर गाडी अर्ध्यात रस्त्यावर काढत न्हाईत. लगीन दिवाळीनंतर बघू."

पाहुण्यांनी चहा घेतला, निरोप कळवतो म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. मला पुष्कळ दिवस वाईट वाटलं. ओठांना तूप लावायचं, नाकात बोटानं खोबरेल फिरवायचं, भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि सकाळी गोळी. दिवाळी आली तेव्हा आंघोळीच्या वेळी आई पाठीला तेल लावत होती. तिनं एकदम माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. नवीन काही आलं नव्हतं. तिचा हात किती वेळ तसाच होता.

गोळ्या संपल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "खड्डे राहतील थोडे."

"राहू देत," मी म्हणाले.

मग मी त्याच स्टुडिओत गेले. पेन्सिल जाऊन तिथं कॉम्प्युटर आला होता. पडद्यावर माझा चेहरा मोठा करून स्टुडिओवाला म्हणाला, "हे खड्डे आता एका मिन्टात भरत्यात."

"हात लावायचा न्हाय."

"अवो, पावण्यास्नी दाखवायचा न्हवं?"

"म्हणूनच."

फोटो घरी आणला तसा आबांनी तो खिडकीपाशी नेऊन खूप वेळ बघितला. मग खुर्चीवर चढून त्यांनी भिंतीवरचा जुना फोटो उतरवला, त्याच खिळ्याला नवा अडकवला आणि सरळ केला. खाली उतरून त्यांनी जुन्या फोटोवरची धूळ खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली, तो हातभर लांब धरला आणि आईला म्हणाले, "ही पावणी लई दिस ऱ्हायली गं आपल्या घरात."