तिसरीची झील

दुपारची जेवणं आटोपून पेठ जरा लवंडली की त्या बोळात तिसरीचं वाचन सुरू व्हायचं. महापालिकेची जुनी कौलारू शाळा, भिंतींचा रंग उडालेला. पण आवाज काय खणखणीत! सगळा वर्ग एका दमात, एका सुरात धडा म्हणायचा. दुधाच्या किटल्या लावून निघालेला गडीसुद्धा मोटारसायकल हळू करून कान द्यायचा. समोरच्या पायरीवर उकडलेल्या शेंगा विकणाऱ्या बयाबाईला तर त्या गजराशिवाय दुपारची डुलकी लागत नसे.

या सुराच्या धनीण क्रांतीबाई. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पदर खोचून वर्गात शिरणाऱ्या. त्या शाळेची एक रीत होती. पहिलीत जी बाई पोरांचा हात धरील, तिनंच त्यांना चौथी पार करून द्यायची. क्रांतीबाईंनी या पोरांची नाकं पुसली होती, रडणारी पोरं कडेवर घेऊन अक्षरं गिरवून घेतली होती. आता एकच वर्ष उरलं होतं.

दिवाळीनंतर चाचणीचा निकाल आला. चाचणी सरकारी, साऱ्या राज्याला एकच. तोंडी वाचनाला बाहेरच्या शाळेतले सर आले होते. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून त्यांनी कधी न पाहिलेला उतारा पुढं ठेवला होता. निम्म्याहून जास्त तिसरी वाचनात मागं पडली होती.

हेडसर गणपतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुमच्या वर्गाचं वाचन पार रंकाळ्यापातूर ऐकू जातंय. मग मार्क मधीच कुठं उतरलं?"

"सर, त्यास्नी येतंय की! रोज वाचत्यात."

"मला ऐकू येतंय हो. त्या चाचणीला ऐकू येत न्हाय, त्याला काय करू?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "एप्रिलात दुसरी चाचणी हाय. तवाबी असंच झालं, तर चौथी अनुजा मॅडमकडं द्यावी लागंल. वरनं इचारणा होतीया. राग धरू नका."

राग नव्हता. अनुजा मॅडम तरुण, हुशार, मुलांना आवडणाऱ्या. पण आपलं पोर शेजारणीकडं जेवायला धाडावं, तसं क्रांतीबाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकावरच्या पूर्णिमाला उभं केलं. रोज गळ्याच्या शिरा ताणून धडा म्हणणारी पोर. "तू एकटी वाच गं." पूर्णिमा पुस्तकाकडं बघत राहिली. ओठ हलेनात. मागच्याला उठवलं, तोही मुका. "बरं, सगळ्यांनी म्हणा!" म्हटल्यावर मात्र कौलं हादरली. या वेळी बाई फळ्यापाशी थांबल्या नाहीत. बाकांमधून कान लावत फिरल्या. तेव्हा कळलं. प्रत्येक वाक्याची सुरुवात मधल्या बाकावरची श्रुती करत होती. बाकीचे क्षणभर मागून शेपूट पकडत होते, तेही खिडकीबाहेर बघत. पुस्तकाकडं श्रुती सोडून फारसं कुणी बघतच नव्हतं.

बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांना आण्णा आठवले. त्यांचे वडील आण्णा भीमजयंतीला जलसा करायचे. लाल फेटा, हातात डफ, आणि मागं झील धरायला घरची मंडळी. त्यांत परकरातली क्रांती. शाहिरानं ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती वरच्या सुरात उचलावी. वाटायचं, आपल्याला सगळा जलसा पाठ आहे. एकदा आण्णांचा घसा बसला आणि त्यांनी लेकीलाच पुढं केलं. समोर माणसांचा समुद्र. डफ वाजला, पुन्हा वाजला. क्रांतीला पहिली ओळ काही केल्या आठवेना. मागनं उचललेली सगळी गाणी तिच्याजवळ होती, सुरुवात एकाचीही नव्हती.

"शाहीर एकटी श्रुती," त्या मनाशी म्हणाल्या, "बाकी सगळे माझ्यासारखे."

त्या दिवसापासून वर्गात झील बंद. एकेकानं वाचायचं. दोन दिवस शाळा इतकी गप्प झाली की तिसऱ्या दिवशी बयाबाईच शेंगांची पाटी काखेत मारून दारात उभी राहिली.

"बाई, शाळा मोडली का काय? मला झोप न्हाय दुपारची!"

"पोरं एकेकटी वाचायला शिकत्यात, मावशी. पण माझ्यासमोर त्यांची दातखीळ बसती. चुकलं तर बाई काय म्हणतील, ही भीती."

"मग माझ्याकडं धाडा की. मला कुठं वाचाया येतंय? चुकलं काय नि बरोबर काय!"

बाई हसल्या, पण दुपारी खरंच त्यांनी पूर्णिमाला गोष्टीचं पुस्तक देऊन रस्ता पार करून दिला आणि दारातून बघत राहिल्या. पूर्णिमा एक वाक्य पुटपुटली आणि थांबली. बयाबाईनं शेंग सोलत विचारलं, "मग?" पोरीनं दुसरं वाक्य जुळवलं. "आगं बया! मग?" पोरगी शब्द चुकली की गोष्ट अडायची आणि बयाबाई खेकसायची, "कोल्हा कसा झाडावर चढंल गं? नीट बघ!" पूर्णिमा पुन्हा बघायची. तिथं कावळा असायचा.

मग रोजच पाळी लागली. श्रुतीला तेवढं गप्प बसणं शिकावं लागलं, आणि तिला ते वाचनाहून जड गेलं.

एप्रिल उजाडला. व्हरांड्यात टेबल मांडून हंबीरराव सर बसले. भरघोस मिशांचे, दुसऱ्या शाळेतले. क्रांतीबाई वर्गात होत्या. खिडकीतून टेबल दिसत होतं, पण जवळ जायची परवानगी नव्हती. पहिलीच पूर्णिमा. तिच्या हाती कागद आला आणि ती थिजली. बाईंना वाटलं, चौथी चालली हातातून.

"वाच बाळ. मला मदत करता यायची न्हाय हं, एक अक्षरबी सांगायचं न्हाय."

"अक्षर नको," पूर्णिमा हळूच म्हणाली. "तुम्ही नुसतं 'मग?' म्हणा की."

हंबीररावांनी सूचनांचा कागद उलटसुलट पाहिला. "'मग?' म्हणू नये, असं तर कुठं लिवल्यालं न्हाय." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं. मग?"

पूर्णिमानं वाचलं. अडखळत, दोनदा मागं जाऊन, पण स्वतःचं स्वतः. पुढं तर सरांना सवयच लागली. प्रत्येक पोरामागं "मग?" चाललं होतं, शेवटच्या मुलाचा उतारा संपला तरी म्हणाले, "मग?"

"संपलं, सर," तो म्हणाला.

निकालात तिसरी जिल्ह्यात चमकली वगैरे काही नाही. पण बहुतेक पोरं पार झाली. थोडी अजून मागंच होती.

"चौथी तुमचीच, बाई," हेडसर म्हणाले. "पण ही मागं ऱ्हायल्याली पोरं?"

"ती तर आधी माझी, सर."

जूनमध्ये शाळा भरली. नव्या वर्गात पोरं उभी राहिली आणि "एऽऽक साथ नमस्ते!" म्हणून अशी गर्जली की कौलांतली चिमणी उडाली. क्रांतीबाईंनी डोळे मिटून ते पोटभर ऐकलं. एवढी झील त्यांनी ठेवली होती. मग पुस्तकं उघडली. वर्ग शांत झाला आणि त्या शांततेत पूर्णिमाचा बारीक आवाज एकटाच निघाला. एक वाक्य झालं. ती श्वास घ्यायला थांबली.

रस्त्यापलीकडून, शेंगांच्या पाटीआडून, आवाज आला, "मग?"